शाळेत छळलेल्याशी मोठेपणी समोर बसून बोलायचं आहे: तयारी, वेळ, जागा, वाक्यं

पातेरा
गणपती तोंडावर आलेत. कोकणातल्या घरटी एका तरी चाकरमान्याने एसटीचं नाहीतर रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं असेल. गावात पाय ठेवला की आरतीला, बाजारात, विसर्जनाच्या घाटावर तीच माणसं भेटतात. त्यातच कुठेतरी तोही असतो, पाचवी ते दहावी ज्याने शाळेत जाणं नकोसं केलं तो. आता त्याचं पोट सुटलेलं, कडेवर पोर, आणि तोंडावर "कधी आलास रे?"

त्याच्याशी एकदा बोलायचंच असं ठरलेल्यांसाठी हा धागा आहे. बोलावं की नाही यावर रवंथ नको, 'जाऊ दे, सोडून दे' हेही नको, ते घरी फुकट मिळतं. आपापल्या कहाण्याही इथे नकोत. समुपदेशन, वकिली, गावकीचे व्यवहार यातलं ज्यांना कळतं त्यांनी नेमकं लिहावं. भेट कधी ठरवायची, कुठे बसायचं, पहिलं वाक्य काय, 'आठवत नाही' म्हणाला तर पुढे काय, आणि कुठल्या परिस्थितीत या फंदात पडूच नये.

खाजण
आधी गाळणी लावा. शाळेतलं प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 च्या दशकात स्वीडन-नॉर्वेतल्या शाळांत काम करताना तीन खुणा धरल्या, त्या आजही वापरतात. केलेलं मुद्दाम असलं पाहिजे, पुन्हा पुन्हा झालेलं असलं पाहिजे, आणि दोघांच्या ताकदीत फरक असला पाहिजे. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. मागे चार पोरं असणं, बापाचं गावात वजन असणं, वरची जात, शाळेतल्या मास्तरांशी नातं, हेही त्यात आलं. बरोबरीच्या दोघांत आठवीत झालेली मारामारी चहावर हसून मिटते, तिला एवढी तयारी लागत नाही.

तिन्ही खुणा असतील तर मात्र 'पोरपणा' म्हणून बाजूला सारू नका. ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत पाठपुरावा झाला. त्यावरचा 2014 चा अभ्यास सांगतो की लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य आणि चिंता पंचेचाळिशीलाही इतरांपेक्षा जास्त होती. 'इतक्या वर्षांनी कशाला' म्हणणाऱ्या मामाला एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. भेटीतून काय हवंय ते एकच ठरवा. शक्यता चार आहेत. मला सांगायचंय. मला विचारायचंय की तू असं का केलंस. मला माफी हवी आहे. आजही जे चालू आहे (टोपणनाव, चारचौघांत टर उडवणं) ते थांबवायचंय. यातलं पहिलं पूर्ण तुमच्या हातात आहे. चौथं बरंचसं आहे. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'माहीत नाही रे' असं येतं, आणि ते खरंही असतं. तिसऱ्यासाठी म्हणून जाऊ नका. माफी मिळाली तर घ्या, पण तिच्यावर भेट यशस्वी की फसली हे लावलंत तर पुन्हा एकदा सगळी दोरी त्याच्याच हातात दिलीत.

लिहिण्याचं काम भेटीच्या निदान दोन आठवडे आधी सुरू करा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची 1986 पासूनची पद्धत साधी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं, मनात येईल ते कागदावर. शुद्धलेखन नको, कोणाला दाखवणं नको. लिहून झाल्यावर थोडा वेळ आणखीच उदास वाटतं, तो परिणाम ठरलेला आहे, त्याला घाबरून मध्येच सोडू नका. म्हणून हे काम झोपायच्या आधी नको, संध्याकाळी करा.

त्यातून एकच प्रसंग उचला. सर्वांत वाईट तोच निवडला पाहिजे असं नाही, ज्याची जागा आणि वेळ तुम्हाला पक्की आठवते तो निवडा. 'तू मला नेहमी मारायचास' या वाक्यात त्याला निसटायला जागा आहे, कारण नेहमी नव्हतं हे तो सहज दाखवील. 'सहावीत, श्रावणात, साकवावर माझं दप्तर वहाळात टाकलंस, आणि वही वाळेपर्यंत मला वर्गाबाहेर उभं केलं' यात तशी जागा नाही. ज्या तपशिलाची खात्री नाही तो गाळा. एक चुकला की सगळी चर्चा त्याच्यावरच घसरते: दप्तर निळं होतं की खाकी!

मग चार वाक्यं तयार करा. काय झालं. त्याचा तेव्हा काय परिणाम झाला. पुढे काय राहिलं. आज मला काय हवंय. उदाहरणार्थ: "सहावीत साकवावर तू माझं दप्तर वहाळात टाकलंस, आणि वर्षभर रोज वाटेत अडवायचास. मी त्या वर्षी शाळा बुडवायला लागलो. अजून चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा सुकतो. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतोय, उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही." मोठ्याने वाचलं तर हे अर्ध्या मिनिटात संपतं. एका मिनिटाच्या वर गेलं तर काहीतरी काढा. तीन-चार वेळा कोणासमोर तरी मोठ्याने म्हणून पाहा, आणि तो माणूस गावातला नको.

रापण
जागा आणि वेळ याबद्दल लिहितो. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण मुंबईत बसून ठरवतात.

गणपतीत गाव भरलेलं असतं, म्हणून तेव्हाच उरकू असं वाटतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्री भजन, सकाळी आरत्या, त्याच्या घरी त्याचे भाऊ आलेले. एकटा सापडतच नाही. गणपतीत फक्त भेट ठरवा. बोलायचं गौरी-गणपती विसर्जनानंतर, पाहुणे पांगल्यावर. दीड दिवसाचा गणपती असेल तर उरलेल्या दिवसांत जमू शकतं.

शिमग्यात तर नकोच. बोंबा मारायची, चेष्टा करायची तेव्हा परंपरेनेच मोकळीक असते, त्यामुळे तुम्ही गंभीरपणे बोललात तरी त्याला सोंग समजून हसतील. पालखी नाचवून दमलेली आणि काही घेतलेली माणसं भोवती असतात. तिथे एक शब्द वाढला तर वाडी विरुद्ध वाडी होतं.

त्याच्या धंद्याचा हंगाम बघा. बोटीवर जाणारा असेल तर 1 जूनपासून निदान 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोट शाकारलेली, जाळी विणण्याचं काम, माणूस घरी आणि डोक्याला फार घोर नाही, तेव्हा बोला. नारळी पौर्णिमा झाली की तो हाती लागत नाही. आंबा बागायतदार असेल तर मोहोर लागल्यापासून मेअखेर टाळा. फवारण्या, तोड, पेट्या, दर पडलेला, त्यात तुम्ही सहावीतलं दप्तर काढलंत तर भांडणच. शेती करणारा असेल तर लावणी आणि कापणी सोडून.

जागा: त्याचं खळं (अंगण) नको, तुमची पडवी नको. खळ्यावर त्याची आई चहा घेऊन येणार, आणि तिच्यासमोर तुम्ही काय बोलणार? देवळाचा सभामंडप नको, तिथे बोललेलं गावासमोर बोललेलं धरतात. संध्याकाळी समुद्रावर नको. दिसायला छान, पण अंधार लवकर पडतो, वर्दळ नसते आणि कोपऱ्यात कोणीतरी बाटली उघडून बसलेलं असतं. बार तर नकोच नको.

तालुक्याच्या गावातलं चहा-नाश्त्याचं हॉटेल बरं, दुपारी तीन ते साडेचार. जेवणाची गर्दी संपलेली, भज्यांची सुरू व्हायची. चिपळूण, कणकवली, कुडाळसारख्या ठिकाणी गावातलं कोणी ऐकायला नसतं आणि तरी माणसं भोवती असतात. बाकड्यावर दोघांनाही उठून जायची वाट मोकळी राहील असं बसा. दोघांनी आपापल्या गाडीने यावं. तुम्ही एसटीने असाल तर परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा खिशात ठेवा, म्हणजे 'माझी पाचची गाडी आहे' हे सांगून कधीही उठता येतं. खोटं बोलावं लागत नाही!

उंडीचं झाड
+1. आरतीला अचानक समोर आला तर काय, हेही लिहा कोणीतरी. तयारी राहते घरी आणि तो भेटतो बाजारात, हातात पापलेटं घेऊन.

खाजण
@उंडीचं झाड, त्यासाठी एकच वाक्य पाठ ठेवा: "बरं झालं भेटलास, तुझ्याशी एक बोलायचंय, इथे नको. नंबर दे." संपलं. विषय उघडायचा नाही. 'कसलं?' म्हणाला तर "शाळेतलं आहे, भेटून सांगतो." त्या क्षणी छाती धडधडते, हात थंड पडतात. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या, आत चार आकडे, बाहेर सहा, असे पाच-सहा श्वास. पायाखालच्या जमिनीकडे लक्ष न्या. भेटीच्या दिवशी उपाशी जाऊ नका आणि आधी तीन-तीन चहा पिऊन जाऊ नका, चहाची धडधड आणि भीतीची धडधड शरीराला वेगळी कळत नाही.

उकडा तांदूळ
भेटीत तो काय म्हणेल याचे चार-पाचच नमुने आहेत. प्रत्येकाला काय म्हणायचं ते आधी ठरवलं की अर्धी भीती जाते.

'आठवत नाही.' हे सर्वांत जास्त येतं. मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये एकाच माणसाकडून दोन प्रकारच्या आठवणी लिहून घेतल्या, एकदा दुखावला गेलेला म्हणून आणि एकदा दुखावणारा म्हणून. दुखावणारा असताना त्याच माणसाने प्रकरण कारणं देऊन, तिथल्या तिथे मिटवून टाकलेलं होतं. दुखावला गेला तेव्हा मात्र प्रकरण लांबत आजपर्यंत आलेलं. तेव्हा 'आठवत नाही' म्हणजे खोटारडेपणा असं धरून चालू नका. त्याला आठवण करून द्यायला पुरावे मांडू नका, साक्षीदार म्हणून बाकावरच्या मित्राला फोन लावू नका. म्हणा, "तुला आठवत नसेल. मला आठवतं. म्हणून सांगतोय." आणि चार वाक्यं पुरी करा.

'अरे मस्करी होती ती, तू अजून धरून बसलंस?' याला उत्तर: "तुझ्यासाठी मस्करी होती, माझ्यासाठी नव्हती." पुढे गप्प. इथे लोक मस्करीची कुस्करी, वगैरे व्याख्यान सुरू करतात, ते नको. गप्प राहणं फार जड जातं, मनात दहा आकडे मोजा. बहुतेक माणसं सातव्या-आठव्या आकड्याला काहीतरी खरं बोलतात.

'तू पण काय कमी नव्हतास.' असेल काही, तर मान्य करा. "हो, मी तुझ्या बापाच्या दारूवरून बोललो होतो, ते चुकलं माझं." आणि परत आपल्या वाक्यावर या. हे मान्य करायचं नसेल तर भेटीलाच जाऊ नका, कारण हे निघणारच.

'माझ्या घरी तेव्हा काय चाललं होतं तुला माहीत नाही.' हे खरं असू शकतं आणि तुम्ही ऐकून घेऊ शकता. पण ऐकता ऐकता तुम्हीच त्याचे समुपदेशक बनता आणि तुमचं राहून जातं. म्हणून आधी आपली चार वाक्यं, मग त्याचं.

तो रडला तर पाणी द्या. पाठीवर हात ठेवायलाच हवा असं नाही. लगेच 'जाऊ दे रे, काही नाही' म्हणू नका. आपल्याकडे समोरचा रडला की दुसऱ्याच मिनिटाला सगळं माफ करायची रीत आहे, आणि घरी आल्यावर पुन्हा छातीत तेच. "ऐकलंस, बरं वाटलं. बाकीचं मला वेळ लागेल," एवढं पुरे.

आवाज चढवला किंवा उठून अंगावर आला तर एक शब्द न बोलता निघा. पैसे गल्ल्यावर द्या, बिलाची वाट पाहू नका. धमकी दिली तर तारीख, वेळ, नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. गरज पडली तर 112, पोलीस मदत.

आणि एक खास आपल्याकडचं. 'चल, घरी जेवायला, आज सुरमई आणलीय.' चांगल्या मनाने म्हणेल, पण त्या दिवशी जाऊ नका. जेवून आलात की गावाच्या हिशेबी विषय मिटला.

कातळ
एवढा खटाटोप करण्यापेक्षा देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं. 'होय म्हाराजा' झालं की आपलं ओझं देवाकडे. आमच्याकडे लोक तेच करतात.

रापण
@कातळ, स्वतःच्या मनासाठी देवासमोर बोललात तर चांगलंच आहे, गुरवालाही कळायला नको. पण नाव घेऊन, मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणं घातलंत तर ते देवाला सांगणं राहत नाही, गावासमोर आरोप होतो. मग त्याच्या घरात पुढे काही वाईट घडलं, म्हैस मेली, पोर आजारी पडलं, तर बोट तुमच्याकडे. ते वैर तीन पिढ्या पुरतं.

काळा डगला
कायद्याचं थोडक्यात. सल्ला म्हणून नव्हे, निदान चुकीच्या दारात जाऊ नये म्हणून.

टपल्या, चिमटे, दप्तर फेकणं, साधी मारहाण यासाठी इतक्या वर्षांनी गुन्हा नोंदवता येईल अशी आशा ठेवू नका. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षांची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 468 होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 514 आहे. शिवाय करणारा तेव्हा 18 वर्षांखालचा असेल तर आज तो चाळिशीत असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाच्या चौकटीत जातं. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच धरत नाहीत.

लैंगिक अत्याचार असेल तर सगळं वेगळं. गंभीर गुन्ह्यांना वरची मुदत लागू नाही. 14 नोव्हेंबर 2012 पासूनचं असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), त्याआधीचं असेल तर तेव्हाचं दंड विधान. तिथे हॉटेलात समोरासमोर भेट अजिबात नको, तो सावध होतो आणि पुरावा बिघडतो. आधी वकील. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.

आता तुम्ही स्वतः कुठे अडकू शकता ते. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन 'हा गुंड होता' असं लिहिलंत तर बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. 'खरं आहे' एवढा बचाव पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. 'बघून घेतो, तुझ्या बायकोला सांगतो' असा मेसेज गेला तर कलम 351, धमकी. म्हणजे सहावीत छळलं त्याने आणि पोलीस ठाण्यात तुम्ही.

जातीवरून चिडवणं आजही चालू असेल, तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तो नसेल, आणि ते लोकांच्या देखत झालं असेल, तर तो विषय 'शाळेतलं जुनं' राहत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आजचा गुन्हा आहे. आणि तुम्ही बोललात म्हणून गावकीने किंवा भावकीने वाळीत टाकायची भाषा केली तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याचा प्रश्न जुना आहे.

गडगा
वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. कोकणात छळणारा हा नुसता वर्गमित्र नसतो. तो चुलत चुलत भाऊ असतो आणि सामाईक सातबाऱ्यावर त्याचं नाव तुमच्या नावाखाली असतं. किंवा तो आज सरपंच, नाहीतर त्याच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) तुमच्या आगरात जायची वाट.

म्हणून बोलण्याआधी वही घेऊन लिहून काढा, या माणसाकडे माझं काय अडकलंय? वारस नोंद, वाटपाची संमती, विहिरीचं पाणी, वहिवाट, घरदुरुस्तीचा दाखला. जे आहे ते आधी मार्गी लावा किंवा निदान लेखी आणा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी 15 दिवस असतात, त्या पंधरवड्यात भेट ठेवणं म्हणजे हरकतीला आमंत्रण. मोजणीची तारीख लागली असेल तर मोजणी होऊ द्या.

उलटंही खरं आहे. गडग्याचा वाद चालू असताना शाळेतला छळ मध्ये आणू नका. त्याला वाटेल चार फूट जागेसाठी जुनं उकरताय, आणि तुमच्या खऱ्या दुखण्याची किंमत चार फूट होऊन बसेल.

ओवसा
सगळे 'तो तो' करताहेत. मुलींमध्ये छळ बहुतेक वेळा हाताने होत नाही. डब्याला जवळ न बसवणं, गट फोडणं, अफवा उठवणं, कपड्यांवरून नाक मुरडणं. यात 'सहावीत, साकवावर' असा प्रसंग सापडत नाही, कारण घडलं काहीच नाही, नुसतं वगळलं. अशा वेळी प्रसंगाऐवजी रीत सांगा: "नववीचं सगळं वर्ष तुम्ही तिघी मला डब्याला घेत नव्हतात, आणि गट तू चालवायचीस."

आणि तीच आज जाऊ किंवा नणंद असेल, किंवा शेजारच्या घरात दिलेली असेल, तर भेट संपवून गाडी पकडता येत नाही, आयुष्यभर एकाच पंक्तीत वाढायचं असतं. तिथे चौथा हेतूच धरा, आज चालू असलेलं थांबवणं. ओवशाच्या दिवशी, म्हणजे गौरीपूजनाला, माहेरवाशिणी जमलेल्या असताना नको. मोदक वळताना दोघीच असाल तर चालतं, हात कामात असले की नजर नजरेला भिडवावी लागत नाही आणि बोलणं सोपं जातं. आधी नवऱ्याला सांगा, पण त्याला मध्यस्थ करू नका. त्याचा भाऊ पलीकडे असतो, तो नरमच बोलणार.

उंडीचं झाड
टोपणनावाचं काय करायचं? चाळिशीतले लोक अजून 'ए बेडक्या' म्हणून हाक मारतात, बायकोपोरांसमोर.

ओवसा
त्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्यांदा मारली की जवळ जाऊन हळू आवाजात, "मला नावाने हाक मार." कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्यावर चर्चा होते. तिसऱ्या वेळी तेवढंच, त्याच आवाजात. आठ-दहा वेळा सांगावं लागेल हे धरून चाला. ग्रुपवर कोणी त्या नावाने लिहिलं तर तिथे वाद न घालता त्याला एकट्याला मेसेज करा. ग्रुपवर विरोध केला की बाकीच्यांना खेळ मिळतो.

सडा
उलट बाजूही या धाग्यात असू दे. आपण छळणाऱ्यांत होतो हे कळलंय आणि माफी मागायचीय अशीही माणसं वाचत असतील.

अचानक दारात जाऊ नका. तुमचं तोंड दिसणं हाच त्याला धक्का असू शकतो. आधी दोन ओळींचा मेसेज, आणि 'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' हे त्यात हवंच. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं नाही. एकदाही नाही. मित्राकरवी निरोप, भावाला फोन, हेही नाही.

माफीत काय असावं यावर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचं 2016 चं काम आहे. सहा भाग तपासले. सर्वांत वजन होतं 'चूक माझी होती' या कबुलीला, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला. सर्वांत कमी वजन 'मला माफ कर' या विनंतीला. आपण नेमकं उलटं करतो, माफ कर माफ कर म्हणत पाया पडतो आणि काय केलं ते बोलतच नाही. केलेली गोष्ट नाव घेऊन सांगा. 'लहान होतो' आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे दोन तुकडे काढून टाका. भरपाई म्हणजे पैसे नव्हेत. ज्या ग्रुपवर टोपणनाव चालतं तिथे 'हे नाव मी पाडलं होतं, आता बंद करा' असं तुम्ही स्वतः लिहिणं, ही भरपाई.

कातळ
आणि छळणारा मास्तरच असेल तर? शिक्षा म्हणून नव्हे, मजा म्हणून करणारे होते काही.

काळा डगला
शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई आहे, लागू 1 एप्रिल 2010 पासून. त्याआधीच्या छड्यांसाठी हे कलम मागे जात नाही. कायद्याचा रस्ता जवळपास बंद, बोलण्याचा उघडा.

खाजण
मास्तर आता सत्तरी-ऐंशीत असणार. आधी चौकशी करा, ऐकू येतं का, स्मृती शाबूत आहे का. नसेल तर पत्र लिहा आणि पाठवू नका, पत्राचा लिहिण्यापुरता उपयोग होतोच. तब्येत ठीक असेल तर घरीच जावं लागेल, तेव्हा घरातल्यांना कल्पना देऊन, अर्ध्या तासासाठी. 'सर' म्हणा, अहो-जाहो ठेवा, वाक्यं तीच चार. सत्कार समारंभात माईक हातात घेऊन मात्र नको. सभागृह शिक्षकाच्या बाजूने उभं राहतं.

आता कोणी जाऊ नये ते. सध्या झोप उडालेली आहे, जीव नकोसा होतोय, रोज दारू लागतेय, तर भेट पुढे ढकला आणि आधी मदत घ्या. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत, फुकट. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येतं, नावाला बिचकू नका. तो माणूस आजही हिंसक असेल, घरात मारहाण करतो असं गाव सांगत असेल, तरी नको. तिथे तुमच्या चार वाक्यांचा राग घरी बायकोवर निघतो.

भेट झाल्यावर त्या रात्री कोणालाही लांबलचक मेसेज नको, 48 तास ग्रुपवर काही नको. बहुतेकांना पहिल्या दिवशी हलकं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चीड येते की हे बोलायचं राहिलं, ते राहिलं. राहिलेलं वहीत लिहा. दुसरी भेट मागायची असेल तर निदान महिनाभर थांबून.

पातेरा
सगळ्यांचे आभार. भेट मागायचा मेसेज असा केलाय, सुधारणा सुचवा:

"नमस्कार, मी सध्या गावी आलोय. तुझ्याशी एका खूप महत्त्वाच्या आणि गंभीर विषयावर बोलायचं आहे. शाळेत तू माझ्याशी जे वागलास त्याबद्दल. घाबरू नकोस. गौरी विसर्जनानंतर कधी वेळ आहे? कृपया कोणाला सांगू नकोस."

उकडा तांदूळ
'खूप महत्त्वाच्या आणि गंभीर' काढा, तो रात्रभर तर्क करील आणि वकील घेऊन येईल. 'घाबरू नकोस' वाचलं की माणूस घाबरतो, तेही काढा. 'कोणाला सांगू नकोस' म्हणजे तो सगळ्यांना सांगणार. 'कधी वेळ आहे' असं मोकळं सोडलंत तर 'बघू, कळवतो' येईल, म्हणून दिवस, वेळ, जागा तुम्हीच द्या आणि नाही म्हणायची वाटही द्या.

पातेरा
"मी गावी आलोय. शाळेतल्या दिवसांबद्दल तुझ्याशी अर्धा तास बोलायचं आहे, भांडायला नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनला स्टँडसमोरच्या हॉटेलात चालेल का? नसेल जमत तर तसं कळव."

रापण
मंगळवारी बाजार आहे तिथे. बुधवार करा.